पिनकोड उलगडताना : शिरवळचा ४१२८०१

शिरवळच्या कुठल्याही पत्त्याच्या शेवटी ४१२८०१ हे सहा अंक येतात. कुरिअरच्या पाकिटापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत हा आकडा आपण इतक्या वेळा लिहितो, की ती एक संख्या आहे हेच मनात येत नाही. चार लाख बारा हजार आठशे एक. तिला कशाकशाने भाग जातो? ती मूळ आहे की संयुक्त? दोन वर्गांची बेरीज करून ती मिळेल का? शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मुले विभाज्यतेच्या कसोट्या पाठ करतात, पण त्यांचा कस लागतो तो अशा ओळखीच्या आणि कधीच न तपासलेल्या संख्येवर. ही तपासणी घरच्या घरी कशी करायची, ते इथे सांगतो. कागद-पेन्सिल घ्या, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर तासभर बाजूला ठेवा. घरात शाळकरी मूल असेल तर लिहिण्याचे काम त्यालाच द्या.

आधी या आकड्याची थोडी ओळख. आपली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. टपाल खात्यातले हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो, उरलेले तीन अंक टपाल कार्यालय दाखवतात. शिरवळ सातारा जिल्ह्यात असले तरी त्याचा कोड भोर, सासवड, जेजुरीसारखा ४१२ ने सुरू होतो. खंडाळ्याचा ४१२८०२, वाईचा ४१२८०३, पाचगणीचा ४१२८०५ आणि महाबळेश्वरचा ४१२८०६. साताऱ्याचा मात्र ४१५००१ आणि सांगलीचा ४१६४१६. शिरवळ, सातारा आणि सांगली या तीन संख्या आपण शेजारी शेजारी ठेवून तपासू. तिघींमध्ये चार हजारांचेसुद्धा अंतर नाही, पण एकीला लावलेली युक्ती दुसरीला चालत नाही. आपल्याला शिकायचे आहे ते हेच : संख्या बघून हत्यार निवडायचे.

सुरुवात सोप्या कसोट्यांनी करा. ४१२८०१ च्या शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४+१+२+८+०+१ = १६. तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून ३ आणि ९ ही बाद. इथे मुलाला एक प्रश्न जरूर विचारा : अंकांची बेरीज करून ९ ची कसोटी लागतेच कशी? बहुतेक मुलांना नियम तोंडपाठ असतो, कारण कुणी सांगितलेले नसते. १०, १००, १००० या सगळ्यांना ९ ने भागले की बाकी १ उरते. म्हणजे शंभराच्या घरातले ८ हे ९ च्या दृष्टीने नुसते ८ च, हजाराच्या घरातले २ हे नुसते २ च. घरांची किंमत गळून पडते आणि अंकांची बेरीज उरते. एवढे समजले की ११ ची कसोटी मुलाला स्वतःलाच शोधून काढता येते. १० हे ११ पेक्षा एकाने कमी, म्हणून तिथे अंक आळीपाळीने मिळवायचे आणि वजा करायचे.

आता ७ आणि १३. यांच्या कसोट्या पुस्तकात असल्या तरी फारशा कुणी वापरत नाही. माझ्या मते त्यांच्यापेक्षा एकच गोष्ट लक्षात ठेवावी : ७ × ११ × १३ = १००१. सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करा आणि मोठ्यातून लहान वजा करा. शिरवळसाठी ८०१ − ४१२ = ३८९. या ३८९ ला ७ ने भागले तर बाकी ४, ११ ने ४ आणि १३ ने १२. म्हणजे ७, ११, १३ तिन्ही एका वजाबाकीत बाद. हे का चालते? ४१२८०१ म्हणजे ४१२ वेळा १००१ अधिक ३८९. पहिल्या भागाला तिघांनीही भाग जातोच, मग पाहायचे ते फक्त ३८९ कडे.

हीच वजाबाकी सांगलीवर करा. ४१६ − ४१६ = ०. काही उरतच नाही. ४१६४१६ म्हणजे सरळ ४१६ × १००१. आणि ४१६ म्हणजे ३२ × १३. तेव्हा सांगलीचा पिनकोड २ चा पाचवा घात, ७, ११ आणि १३ चा वर्ग यांचा गुणाकार आहे. एवढी मोठी संख्या आणि तिच्यात १३ पेक्षा मोठी एकही मूळ संख्या नाही. तिचे विभाजक मोजायचे तर प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करा : ६ × २ × २ × ३ = ७२. स्वतःला सोडून उरलेल्या ७१ विभाजकांची बेरीज ६,९०,३६८ भरते, म्हणजे ४,१६,४१६ हून पुष्कळ जास्त. सांगलीचे कोडे दोन मिनिटांत सुटते.

शिरवळचे तसे नाही. सोप्या कसोट्या संपल्या की एकेक मूळ संख्या घेऊन भागत जायचे. पण कुठपर्यंत? इथे पुष्कळ जण दमतात, कारण थांबायचे कुठे ते ठाऊक नसते. संख्या दोन अवयवांत फुटत असेल, तर त्यातला एक तरी तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. दोन्ही मोठे असते तर गुणाकार संख्येच्या वर गेला असता. ६४२ चा वर्ग ४,१२,१६४ आणि ६४३ चा ४,१३,४४९. म्हणजे आपल्याला ६४२ पर्यंतच्याच मूळ संख्या पुरेत. त्या ११६ आहेत. कुठलाही पिनकोड सहा अंकी असल्यामुळे हजाराच्या आतल्या १६८ मूळ संख्यांची यादी एकदा करून ठेवली की भारतातल्या कुठल्याही गावाला ती पुरते. यादी विकत घेऊ नका, बनवा : २ ते १००० आकडे लिहून २ च्या, ३ च्या, ५ च्या पुढच्या पटी खोडत जा. एका रविवारचे काम आहे आणि मुलाच्या हातून झाले तर ते त्याला जन्मभर पुरते.

आता भागायला लागा. १७ ने बाकी ७, १९ ने ही ७, २३ ने २०, २९ ने १५, ३१ ने ५. ३७ साठी तीन-तीन अंकांचे तुकडे मिळवा, कारण ९९९ ला ३७ ने भाग जातो : ४१२ + ८०१ = १२१३, पुन्हा १ + २१३ = २१४, आणि २१४ मधून १८५ गेले की २९ उरतात. बाद. ४१ ने १३. मग ४३. त्रेचाळीस गुणिले नऊ हजार सहाशे म्हणजे बरोबर ४,१२,८००. एकाने हुकले! अशा ठिकाणी मुले पेन्सिल खाली ठेवतात. त्यांना थांबू देऊ नका, कारण पुढचीच मूळ संख्या ४७ आहे. ४१२ मध्ये ४७ आठ वेळा, ३७६ गेले, ३६ उरले. वरचा ८ खाली घेतला, ३६८. त्यात सात वेळा, ३२९ गेले, ३९ उरले. शून्य खाली, ३९०. आठ वेळा, ३७६ गेले, १४ उरले. एक खाली, १४१. सत्तेचाळीस त्रिक एकशे एकेचाळीस. बाकी शून्य.

४१२८०१ = ४७ × ८७८३. मूळ संख्यांच्या यादीत ४७ पंधरावी आहे, म्हणजे पंधराव्या पायरीला दार उघडले. ८७८३ पुढे फुटते का ते पाहायला आता फक्त ९३ च्या आतल्या मूळ संख्या हव्यात. त्यातल्या ४३ पर्यंतच्या तर आधीच बाद झाल्या आहेत, कारण त्या ४१२८०१ लाच लागल्या नाहीत. उरल्या ४७ ते ८९. त्या लावून पाहा, एकही लागत नाही. ८७८३ मूळ आहे. शिरवळच्या संख्येला चारच विभाजक : १, ४७, ८७८३ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून उरलेल्यांची बेरीज अवघी ८८३१.

उत्तर आले की ९ ने ताळा घ्या. ४७ चे अंक ११, म्हणजे २. ८७८३ चे २६, म्हणजे ८. दोन आठे सोळा, म्हणजे ७. आणि ४१२८०१ चे अंक १६, म्हणजे ७. जमले. पण या ताळ्यावर डोळे मिटून विसंबू नका. अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. ४१२८०१ ऐवजी चुकून ४२१८०१ लिहिले तरी अंकांची बेरीज १६ च राहते, आणि ४२१ तर ठाण्याकडचे वर्गवारीचे अंक! पिनकोडात चूक पकडणारा वेगळा तपासणी अंक नसतो. आधारच्या बारा अंकांत शेवटचा अंक त्यासाठीच ठेवला आहे. जमाखर्च लिहिणाऱ्यांना यातून एक हुकमी उपाय मिळतो. दोन अंकांची अदलाबदल झाली तर चुकीच्या आणि बरोबर रकमेतला फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. इथे तो ९००० आहे. महिन्याचा हिशेब जुळत नसेल आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर आधी उलटसुलट लिहिलेला अंक शोधावा.

आता सातारा. ४१५००१ हा आकडा दिसायला किती साधा, पण शिरवळच्या वाटेने गेलात तर दमछाक होईल. २, ३, ५ बाद. ४१५ − १ = ४१४ मध्ये ७, ११, १३ बाद. मग १७, १९, २३… शंभरी ओलांडा, दोनशे, चारशे, सहाशे. काही लागत नाही. यादीतल्या एकशे बाराव्या मूळ संख्येला उत्तर येते. इथे दुसरे हत्यार काढायचे.

कुठलीही विषम संयुक्त संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहिता येते, आणि वर्गांची वजाबाकी मिळाली की बेरीज आणि फरक हे दोन अवयव हातात येतात. नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त, म्हणजे १३५६ साली, अवयव काढण्याची ही रीत आहे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात फर्माने तीच मांडली आणि आज ती त्याच्या नावाने शिकवली जाते. कृती अशी : वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यातून आपली संख्या वजा करा आणि उरलेला आकडा वर्ग आहे का ते पाहा. नसेल तर एकाने पुढे जा.

साताऱ्यासाठी ६४४ चा वर्ग ४,१४,७३६, तो कमी पडतो. म्हणून ६४५ पासून सुरुवात. ६४५ चा वर्ग ४,१६,०२५. त्यातून ४,१५,००१ वजा केले तर १०२४ उरतात, आणि १०२४ हा ३२ चा वर्ग. पहिल्याच फटक्याला! ६४५ − ३२ = ६१३ आणि ६४५ + ३२ = ६७७. दोन्ही मूळ संख्या. ४१५००१ = ६१३ × ६७७. जिथे भागाकाराने शंभरावर पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या, तिथे एका वजाबाकीत काम झाले. कारण उघड आहे. साताऱ्याचे दोन्ही अवयव एकमेकांना लागून, वर्गमुळाच्या अवतीभवती बसले आहेत.

मग हीच रीत शिरवळला का लावली नाही? लावून पाहा. ६४३ चा वर्ग वजा ४,१२,८०१ म्हणजे ६४८. शेवटी ८, आणि ८ वर संपणारा वर्ग नसतो. ६४४ ने १९३५. शेवटी ५ असलेला वर्ग नेहमी २५ वर संपतो, म्हणून तोही बाद. ६४५ ने ३२२४, जो ५६ आणि ५७ च्या वर्गांच्या मध्ये अडकतो. असे करत करत उत्तर मिळेल ते ४४१५ ला, जेव्हा ४४१५ च्या वर्गातून ४३६८ चा वर्ग वजा होईल. म्हणजे ३७७३ वा प्रयत्न. ४७ आणि ८७८३ एकमेकांपासून फार दूर आहेत, त्याची ही किंमत. म्हणून नवी संख्या हातात आली की पहिल्या वीस-पंचवीस मूळ संख्या लावा, नाही जमले तर दहाएक वर्ग करून पाहा, आणि मग पुन्हा भागाकाराकडे वळा. एकाच रीतीचा हट्ट धरला की गणित विनाकारण अवघड वाटायला लागते.

अवयव मिळाल्यावर संख्येबद्दल आणखी काय काय कळते, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. सुरुवातीचा एक प्रश्न राहिला आहे : ही संख्या दोन वर्गांची बेरीज होते का? नियम असा की ४ ने भागल्यावर बाकी ३ ठेवणारी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली, तर होत नाही. एरवी होते. शिरवळची संख्या स्वतः ४ ने भागल्यावर बाकी १ ठेवते, म्हणून वरवर आशा वाटते. पण ४७ आणि ८७८३ दोघेही बाकी ३ ठेवणारे आणि दोघेही एकेकदाच आलेले. म्हणून कितीही वर्ग जुळवा, ४१२८०१ कधीच मिळणार नाही. अवयव माहीत नसते तर हे कळायला सगळे वर्ग तपासावे लागले असते. सांगलीही याच कारणाने बाद, तिथे ७ आणि ११ आडवे येतात.

साताऱ्याचे दोन्ही अवयव मात्र बाकी १ ठेवतात. ६१३ म्हणजे १७ चा वर्ग अधिक १८ चा वर्ग. ६७७ म्हणजे २६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. अशा दोन संख्यांच्या गुणाकाराबद्दलचे सूत्र ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’तल्या ‘भावना’ नावाच्या रीतीतून निघते. तिरकस गुणाकार करा : १७ × २६ = ४४२ आणि १८ × १ = १८. यांची वजाबाकी ४२४, बेरीज ४६०. दुसरीकडे १७ × १ = १७ आणि १८ × २६ = ४६८. यांची बेरीज ४८५, वजाबाकी ४५१. आता जोड्या लावा. ४२४ चा वर्ग १,७९,७७६ आणि ४८५ चा २,३५,२२५, बेरीज ४,१५,००१. ४६० चा वर्ग २,११,६०० आणि ४५१ चा २,०३,४०१, बेरीज तीच. सातारा एक नव्हे, दोन तऱ्हांनी दोन वर्गांत बसतो. हा हिशेब मुलाकडून करून घ्या. शेवटची बेरीज जुळल्यावर त्याच्या तोंडावर जे दिसेल ते कुठल्याही गुणपत्रिकेत मिळत नाही.

मराठी माणसाने संख्यांशी खेळायचे म्हटले की देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवायलाच हवेत. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेले की ६१७४ येते, हा त्यांचा शोध जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. अट एवढीच की चारही अंक सारखे नकोत. सहा अंकांवर ही कृती वेगळी वागते. शिरवळ घ्या : ८४२११० − ०११२४८ = ८३०८६२. पुढे ८८६३२० − ०२३६८८ = ८६२६३२. इथून ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२ आणि पुन्हा ८६२६३२. सात संख्यांचे रिंगण, त्यातून सुटका नाही. सातारा नऊ वजाबाक्यांनंतर याच रिंगणात शिरतो. आणि सांगली? ६६४४११ − ११४४६६ = ५४९९४५. पुन्हा करा : ९९५५४४ − ४४५५९९ = ५४९९४५. एका पावलात कायमचे ठाण. सहा अंकांत असे ठाण दोनच आहेत, दुसरे ६३१७६४. वजाबाकी करताना सुरुवातीचे शून्य गाळू नका, सहा अंक सहाच राहिले पाहिजेत. इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात.

आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटले. सांगलीची बेरीज २२, आणि ४१६४१६ ÷ २२ = १८९२८, म्हणजे सांगली हर्षद. शिरवळची बेरीज १६, पण संख्या विषम, म्हणून नाही. दुसऱ्या कुठल्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी निर्माण होत नाही, तिला ते स्वयंभू म्हणत. शिरवळ स्वयंभू नाही : ४१२७७५ च्या अंकांची बेरीज २६, ती मिळवली की ४१२८०१.

शिरवळ आणि सातारा या दोन्ही संख्या बरोबर दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून झाल्या आहेत, आणि अशा संख्यांवर आज फार मोठा भार आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेली आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत त्यांच्यावरच उभी आहे. गुणाकार करणे सोपे, उलट वाटेने अवयव काढणे अवघड, एवढीच तिची भिस्त. २५० अंकी आरएसए-२५० चे अवयव २०२० मध्ये निघाले, पण ६१७ अंकी आरएसए-२०४८ चे अजून निघालेले नाहीत. मूळ संख्या निवडताना एक लहान आणि एक मोठी घेतली तर शिरवळसारखी गत होते, फार जवळच्या घेतल्या तर साताऱ्यासारखी. हे दोन्ही धोके तुम्ही आत्ताच कागदावर पाहिले आहेत.

सरावासाठी शेजारची गावे आहेतच. खंडाळ्याच्या ४१२८०२ मध्ये ८०२ − ४१२ = ३९० येतात आणि १३ लगेच सापडतो : २ × १३ × १५८७७. वाईच्या ४१२८०३ च्या अंकांची बेरीज १८, तिथे ३ तीन वेळा निघतो आणि १५२८९ ही मूळ संख्या उरते. पाचगणीच्या ४१२८०५ मधून ५ काढले की ८२५६१ उरतात. ही मूळ संख्या आहे, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तिचे वर्गमूळ २८७ आणि २८८ च्या मध्ये आहे, म्हणजे २८३ पर्यंतच्या ६१ मूळ संख्या लावून पाहाव्या लागतील. ७, ११, १३ एकदम उडवायला ५६१ − ८२ करा, ३७ साठी ५६१ + ८२, आणि प्रत्येक बाकी समासात लिहीत जा, म्हणजे मधेच उठावे लागले तरी कुठे होतो ते सापडेल. महाबळेश्वरचा ४१२८०६ मी सोडवलेला नाही. त्यातून ६ बाहेर काढले की ६८८०१ उरतात, तिथून पुढे तुम्ही जा.